जिवंत डोळ्यांतील शंकूंचें दर्शन

इ. स. १८४४ च्या जुलै महिन्याच्या २७ व्या तारखेस मँचेस्टर शहरीं जॉन डाल्टन हा रसायनशास्त्रज्ञ वारला. परमाणुवादाचा प्रवर्तक म्हणून त्याचें नांव आमच्या शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु आपल्या मृत्यूनंतर करावयाच्या एका कामाविषयीं त्यानें जी इच्छा सांगून ठेविली होती, ती फारशी कोणास ठाऊक नसते. आपले डोळे काढून घ्यावे, ते कापावे आणि त्यांतील द्रवाचा रंग पाहावा, अशी ती इच्छा होती. डाल्टनला तांबडा व हिरवा हे रंग इतरांसारखे दिसत नसत. १७९२ सालीं जिरेनियमचें एक फूल त्याला दिवसा आकाशासारखें निळें आणि रात्रीं मेणबत्तीच्या उजेडांत तांबूस दिसलें. स्नेह्यांना विचारतां त्यांना असा कांहींच फरक दिसेना. त्याच्या भावाला मात्र तें फूल अगदीं त्याच्यासारखेंच दिसतें असें आढळलें. दोन वर्षांनीं, १७९४ सालीं, मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढें त्यानें या विषयावर निबंध वाचला आणि आपल्या डोळ्यांतील कांचेसारखा द्रव निळसर असला पाहिजे, तो तांबडे किरण वाटेंतच गिळून टाकीत असला पाहिजे, असा तर्क मांडला. तर्क सरळ होता आणि पडताळून पाहण्यासारखाहि होता. अडचण एवढीच कीं, डोळ्याचा धनी जिवंत असेपर्यंत तो पडताळा घेतां येण्यासारखा नव्हता.

जोसेफ रॅन्सम या वैद्यानें मृताची इच्छा पाळली. एका डोळ्यांतील द्रव त्यानें बाहेर काढून पाहिला. तो स्वच्छ निघाला. दुसऱ्या डोळ्याचा मागचा भाग कापून त्यांतून त्यानें रंगीत वस्तु न्याहाळल्या. त्यांतहि कांहीं वेगळें दिसलें नाहीं. डाल्टनचा तर्क खोटा ठरला, पण खरें कारण कोणतें तें त्या कापलेल्या डोळ्यानें सांगितलें नाहीं. ते अवशेष मँचेस्टरच्या सभेनें जपून ठेविले, आणि १९९५ सालीं लंडन व केंब्रिज येथील संशोधकांनीं त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासून निर्णय दिला कीं, वर्णपटाच्या मधल्या, म्हणजे हिरव्या बाजूचा प्रकाश टिपणारें जें रंजकद्रव्य डोळ्यांत असावयाचें, तें बनविण्याची शक्तीच डाल्टनला जन्मतः नव्हती.

एका विद्वान माणसाला स्वतःच्या डोळ्याविषयीं एक साधा प्रश्न पडला. त्याचें उत्तर मिळण्यास त्याला मरावें लागलें आणि मेल्यावरहि दीडशें वर्षें थांबावें लागलें. ज्या पेशी रंग टिपतात त्या जिवंत माणसाच्या डोळ्यांत प्रत्यक्ष पाहण्याची विद्या कशी साध्य झाली, आणि कांहीं विरळ नेत्ररोगांनीं ग्रासलेल्या लोकांच्या दैवांत तिनें काय फरक पाडला, याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवणार आहों.

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आंतून एक पातळ अस्तर असतें, त्याला दृष्टिपटल म्हणतात. १८६६ सालीं जर्मनींतील बॉन येथील शरीरशास्त्रज्ञ मॅक्स शुल्ट्झे यानें नाना प्राण्यांचीं दृष्टिपटलें सूक्ष्मदर्शकाखालीं घालून एक मार्मिक गोष्ट ताडली. प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या असतात. कांहीं काठीसारख्या सरळ, तर कांहीं निमुळत्या टोकाच्या. पहिल्यांना दंड व दुसऱ्यांना शंकु असें म्हणतात. घुबडासारख्या निशाचरांच्या डोळ्यांत दंडांचा सुकाळ आणि दिवसा उडणाऱ्या पक्ष्यांच्या डोळ्यांत शंकूंचा भरणा, असें पाहून शुल्ट्झेनें अनुमान बांधलें कीं, दंड हे अंधुक प्रकाशासाठीं आहेत आणि शंकु हे उजेडासाठीं व रंगांसाठीं आहेत. आपल्या भाषेंत घुबडाला दिवाभीत म्हणतात. हा शब्द ज्यानें प्रथम योजिला त्यानें शुल्ट्झेचा सिद्धान्त अर्धा तरी आधींच सांगून ठेविला होता, असें म्हणण्याचा मोह आम्हांला आवरत नाहीं.

माणसाच्या एका डोळ्यांत सुमारें ९ कोटि २० लाख दंड आणि अवघे ४६ लाख शंकु असतात, अशी मोजदाद १९९० सालीं प्रसिद्ध झाली. संख्येनें शंकु थोडे. पण वाचणें, शिवणें, माणसाचा चेहरा ओळखणें, पिकलें फळ हिरव्या पानांतून निवडणें, हीं सारीं कामें त्यांच्याकडे. दृष्टिपटलाच्या मध्यभागीं एक लहानशी खळगी आहे; आपण ज्या वस्तूकडे रोखून पाहतों तिची प्रतिमा या खळगींत पडते. तेथें दंड मुळींच नाहींत आणि शंकु मात्र असे खेटून उभे असतात कीं, एका चौरस मिलिमीटरांत त्यांची संख्या सरासरीनें दोन लाखांच्या घरांत जाते. माणसामाणसांत हा आंकडा एक लाखापासून तीन लाखांच्या पलीकडे इतका बदलतो.

आतां अशी कल्पना करावी कीं, एखादें मूल जन्मतःच या शंकूंच्या उपयोगाला मुकलें आहे. त्याला रंग दिसत नाहींत, हें तर झालेंच. पण तेवढेंच असतें तर फारसें बिघडलें नसतें. दंड हे अंधुक प्रकाशाचे धनी. भर दिवसाच्या उजेडांत ते चटकन् भरून जातात आणि मग त्यांना कांहींच निवडतां येत नाहीं. त्यामुळें असें मूल उन्हांत आलें कीं त्याचे डोळे दिपतात, तें पापण्या मिटून घेतें. त्याचीं बुबुळें सारखीं थरथरत असतात. फळ्यावरचें अक्षर त्याला दिसत नाहीं. रात्रीं मात्र तें इतरांच्या बरोबरीनें वावरतें. या विकाराला पूर्ण वर्णांधता म्हणतात. सामान्यतः तीस-चाळीस हजार माणसांत असें एखादें सांपडतें. अनेकदां या मुलांना मंद समजून मागें टाकण्यांत येतें, आणि डोळे मिचकावण्याची खोड म्हणून त्यांना बोलणीं बसतात.

एका ठिकाणीं मात्र हा विकार विरळ नाहीं. पॅसिफिक महासागरांत कॅरोलाइन द्वीपसमूहांत पिंगेलाप नांवाचें एक चिमुकलें प्रवाळबेट आहे. १७७५ च्या सुमारास तेथें भयंकर वादळ झालें आणि वादळ व त्यामागून आलेला दुष्काळ यांतून अवघीं वीस-एक माणसें वांचलीं. त्यांपैकीं कोणा एकाच्या अंगीं या विकाराचें सुप्त बीज होतें. बेट लहान, सोयरीक आपसांतच; कांहीं पिढ्यांनीं तें बीज उगवूं लागलें, आणि आज त्या लोकांत शेंकडा पांच ते दहा माणसें पूर्ण वर्णांध आहेत. त्यांच्या भाषेंत या विकाराला ‘मास्कुन’ म्हणतात. ‘न दिसणें’ असा त्याचा अर्थ. १९९४ सालीं ऑलिव्हर सॅक्स हा प्रसिद्ध वैद्य-लेखक तेथें गेला तेव्हां त्याच्याबरोबर क्नुट नॉर्डबी हा नॉर्वेचा दृष्टिशास्त्रज्ञ होता. हा नॉर्डबी स्वतः जन्मतः पूर्ण वर्णांध. आयुष्यभर त्यानें आपल्याच डोळ्यावर प्रयोग केले होते. बेटावर उतरतांच उन्हांत डोळे मिचकावणारीं मुलें त्याला पाहून त्याच्याभोंवतीं जमलीं आणि क्षणांत त्यांची त्याची ओळख पटली. रात्रींच्या मासेमारींत हे लोक वाकबगार समजले जातात, हेंहि सॅक्सनें नमूद करून ठेविलें आहे. त्याच्या पुस्तकानें बेट जगप्रसिद्ध झालें; परंतु त्यांत जी एक अद्भुतरम्य छटा आहे तिच्या भरांत वाचक हें विसरतो कीं, मास्कुन असलेल्या मुलाला तेथील शाळेंतहि फळा दिसत नाहीं.

या विकारासंबंधीं वैद्यकापुढें जो खरा प्रश्न होता तो असा: या माणसांच्या डोळ्यांत शंकु नाहींतच, कीं आहेत पण काम करीत नाहींत? वरवर पाहतां हा पंडितांचा वाद वाटेल. रोग्याला काय, दोन्हींचें फळ एकच, दिसत नाहीं. परंतु उपचाराच्या दृष्टीनें या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. मेलेला माणूस हांक मारून उठत नाहीं, निजलेला उठण्याचा संभव तरी असतो.

मृतांचे डोळे याचा निकाल देऊं शकले नाहींत. विसाव्या शतकांत पूर्ण वर्णांध माणसांचे मोजकेच डोळे मृत्यूनंतर तपासले गेले आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांशीं जुळले नाहींत. एका संशोधकाला शंकु थोडे व बेढब दिसले, दुसऱ्याला खळगींत जवळजवळ नेहमींइतके आढळले, तिसऱ्याला तेथें ते दिसलेच नाहींत. पुढें १९९८ आणि २००० या सालीं या विकाराचीं दोन मुख्य आनुवंशिक कारणें हातीं लागलीं. पिंगेलापचें कारण त्यांपैकींच दुसरें. प्रकाश पडल्यावर शंकूच्या आवरणांतील जें सूक्ष्म द्वार मिटून विद्युत्-संदेश निर्माण व्हावयाचा, त्या द्वाराचे घटकच या लोकांत सदोष असतात. म्हणजे शंकु घडविला गेला असेल, जागेवर उभाहि असेल, फक्त त्याला बोलतां येत नसेल, असा तर्क आतां बळावला. पण तर्कच. डोळ्यांत डोकावून पाहिल्यावांचून निश्चय कसा व्हावा?

जिवंत डोळ्यांत डोकावण्याची युक्ति तशी जुनी आहे. माणसाची बाहुली काळी कां दिसते, असा प्रश्न १८५० सालीं क्योनिग्सबर्ग येथील तरुण अध्यापक हेर्मान हेल्महोल्ट्झ यानें स्वतःस विचारला. डोळ्यांत शिरलेला प्रकाश मागच्या पडद्यावर पडून आल्या वाटेनेंच परत फिरतो. तो पाहावयाचा तर पाहणाऱ्याचा डोळा दिव्याच्या जागींच असावयास हवा, आणि तेथें डोकें घातलें कीं दिव्याचाच उजेड अडतो. हेल्महोल्ट्झनें तिरक्या धरलेल्या कांचेच्या पट्ट्यांनीं प्रकाश डोळ्यांत लोटला आणि परत येणारा प्रकाश त्याच कांचांतून पाहिला. हें नेत्रदर्शक यंत्र त्यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलें. जिवंत माणसाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या प्रथमच स्पष्ट दिसल्या आणि नेत्रवैद्यकाचें रूप पालटलें.

परंतु हेल्महोल्ट्झला शंकु दिसले नाहींत, आणि त्याच्यामागून जवळजवळ दीडशें वर्षें कोणासहि दिसले नाहींत. खळगींतील शंकूची जाडी मिलिमीटरच्या तीन-सहस्रांशाहूनहि कमी. सूक्ष्मदर्शकाला हें कांहीं अवघड नाहीं. पण येथें सूक्ष्मदर्शकाचें पुढचें भिंग म्हणजे रोग्याचा स्वतःचा डोळा, आणि तें भिंग ओबडधोबड. बुबुळावरचा पारदर्शक पडदा व आंतील नेत्रमणी यांची घडण कोणाचीहि निर्दोष नसते. चष्म्यानें जे दोष जातात त्यांखेरीज बारीकसारीक असे कितीतरी उंचवटे, खळगे, वांकडेपणा प्रत्येक डोळ्यांत असतात, आणि एकाचे दुसऱ्याशीं जुळत नाहींत. कोणा कारागिरानें असलें सदोष यंत्र आपणांस विकलें असतें तर आपण तें परत केलें असतें, अशा अर्थाचे उद्गार हेल्महोल्ट्झनेंच काढले होते. १९६१ सालीं स्मिर्नोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें हे दोष मोजण्याची एक रीति काढली. परंतु तिला गणिताचा इतका खटाटोप लागे कीं ती व्यवहारांत येणें कठीण होतें.

वाट सांपडली ती ज्योतिषशास्त्रांत. नेत्रवैद्य आणि ज्योतिषी यांची अडचण वस्तुतः एकच आहे: पाहावयाची वस्तु आणि पाहणारें यंत्र यांच्यामध्यें एक वेडेंवांकडें माध्यम आडवें येतें. ज्योतिष्याला तें वातावरण. तारे लुकलुकतात हें कवींना प्रिय असलें तरी दुर्बीण लावून बसलेल्याच्या कपाळीं तो शापच आहे. न्यूटननें १७०४ सालच्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथांत यावर उंच पर्वतशिखरांवरील निश्चल हवेखेरीज उपाय नाहीं असें लिहून ठेविलें, आणि अडीच शतकें तें प्रमाण मानलें गेलें. १९५३ सालीं अमेरिकेंतील हॉरेस बॅबकॉक या ज्योतिष्यानें निराळी कल्पना मांडली. ताऱ्याचा प्रकाश हवेनें कसकसा वांकविला आहे तें क्षणोक्षणीं मोजावें आणि दुर्बिणीच्या वाटेंत असा एक आरसा ठेवावा कीं, ज्याचा पृष्ठभाग क्षणोक्षणीं तितकाच उलट वांकवितां येईल. वांकड्यास उलट वांकडें मिळालें म्हणजे सरळ! ही कल्पना अंमलांत आणण्याइतकीं चपळ साधनें त्या वेळीं नव्हतीं. पुढें अमेरिकेच्या लष्करानें ती उचलली, कारण परक्यांचे उपग्रह जमिनीवरून नीट न्याहाळण्याची त्याला निकड होती. आणि उचलली ती गुप्ततेच्या पेटींत बंद करून ठेविली. १९९१ सालीं ती पेटी उघडली, पण तोंपर्यंत युरोपांतील ज्योतिष्यांनीं स्वतःच्या कष्टानें तीच विद्या उभी करून १९८९-९० सालीं दुर्बिणीला जोडलीहि होती. ज्ञान कोंडून ठेवल्यानें शत्रु किती अडतो हें आम्ही सांगूं शकत नाहीं. आपलेच पंडित मात्र कांहीं वर्षें हटकून अडतात.

हे दोष मोजण्याच्या साधनाची कुळकथाहि ऐकण्यासारखी आहे. सतराव्या शतकांत ख्रिस्टोफ शायनर नांवाचा एक जेसुइट पंडित होऊन गेला. सूर्यावरील डागांवरून गॅलिलिओशीं भांडणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण तो डोळ्याचाहि तितकाच अभ्यासक होता. १६१९ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें एका पत्र्याला दोन बारीक छिद्रें पाडून त्यांतून पाहण्याचा प्रयोग वर्णिला आहे. डोळा वस्तूवर नीट जुळला असेल तर वस्तु एक दिसते, नसेल तर दोन दिसतात. १९०० च्या सुमारास जर्मनींतील पॉट्सडॅम येथें योहानेस हार्टमन यानें अशीं पुष्कळ छिद्रें असलेला पडदा मोठ्या दुर्बिणीच्या तोंडाशीं धरून तिच्या भिंगाचे दोष शोधले. १९७१ सालीं अमेरिकेच्या रोलंड शॅकनें छिद्रांच्या जागीं चिमुकल्या भिंगांची रांगोळी बसविली. आणि १९९४ सालीं हायडेलबर्ग येथें योसेफ बिले याच्या प्रयोगशाळेंत जुनझोंग लियांग या चिनी संशोधकानें ही भिंगांची रांगोळी माणसाच्या डोळ्यापुढें धरली. स्मिर्नोव्हला जो खटाटोप पडला होता तो आतां चुटकीसरशी होऊं लागला. डोळ्यापासून निघालेली युक्ति आकाशाची प्रदक्षिणा करून पावणेचारशें वर्षांनीं पुनः डोळ्यापाशीं आली.

लियांग तेथून अमेरिकेंत रॉचेस्टर विद्यापीठांत डेव्हिड विल्यम्स याच्याकडे गेला. १९९६ सालीं त्या प्रयोगशाळेनें ज्यांचे डोळे जात्याच विशेष चांगले आहेत अशा लोकांचे शंकु छायाचित्रांत टिपले होते. १९९७ सालीं लियांग, विल्यम्स व डोनल्ड मिलर यांनीं लवचीक आरशाचा उपयोग करून जें यंत्र रचलें त्यानें काम पक्कें झालें. त्या आरशाच्या पाठीमागें ३७ टेकू होते; प्रत्येक टेकू मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशांनीं पुढेंमागें सरकवून आरशाला रोग्याच्या डोळ्याच्या उलट आकार द्यावयाचा. छायाचित्रांत मधाच्या पोळ्यासारखी ठिपक्यांची दाट मांडणी उमटली. प्रत्येक ठिपका म्हणजे जिवंत, त्या क्षणीं पाहत असलेल्या माणसाचा एकेक शंकु.

दोनच वर्षांनीं, १९९९ सालीं, ऑस्टिन रूर्डा व विल्यम्स यांनीं या ठिपक्यांची जात ओळखून दाखविली. आपल्याकडे तीन जातींचे शंकु असावेत, हा तर्क टॉमस यंगनें १८०२ सालींच केला होता. पण कोणत्या जागीं कोणता उभा आहे हें जिवंत माणसांत कोणी पाहिलें नव्हतें. निवडक रंगाचा प्रकाश पाडून आधीं एका जातीचें रंजकद्रव्य फिकें करावयाचें, मग चित्र घ्यावयाचें, आणि दोन चित्रांची तुलना करावयाची, अशी त्यांची रीति. त्यांनीं दोन माणसें तपासलीं. एकाच्या डोळ्यांत तांबड्या व हिरव्या बाजूचे शंकु जवळजवळ सारखे, तर दुसऱ्याच्या डोळ्यांत पहिले दुसऱ्यांच्या जवळजवळ चौपट निघाले. मौज अशी कीं, दोघांनाहि रंग व्यवस्थित दिसत होते! डोळ्यांच्या मांडणींत एवढा फरक असून आपण ‘पिवळा’ म्हणतांना एकाच रंगाविषयीं बोलतों, हें मेंदूचें कसब समजावें.

२००४ सालीं जोसेफ कॅरोल व त्याचे सहकारी यांनीं दोन वर्णांध माणसांचे डोळे पाहिले. हे डाल्टनसारखे, म्हणजे तांबड्या-हिरव्याची गल्लत करणारे होते. एकाच्या डोळ्यांत शंकूंची मांडणी सलग होती. जी जात नव्हती तिच्या जागा जणु दुसऱ्या जातीनें भरून काढल्या होत्या. दुसऱ्याच्या चित्रांत मात्र मध्येंमध्यें काळीं भोंकें होतीं; सुमारें एकतृतीयांश शंकु नाहींसे झालेले. आणि या माणसाची तक्त्यावरील दृष्टि उत्तम होती. तिसरा हिस्सा पेशी गमावल्याचा त्याला थांगपत्ता नव्हता, आणि तक्ता दाखविणाऱ्या वैद्यालाहि तो लागला नसता.

या शेवटच्या गोष्टीचें मोल विरळ नेत्ररोगांच्या बाबतींत सर्वांत अधिक आहे. दृष्टिपटल वर्षानुवर्षें झिजत नेणारे जे आनुवंशिक रोग आहेत, ज्यांत आधीं रातांधळेपणा येतो आणि मग नजरेचा घेर आंवळत आंवळत नळींतून पाहिल्यासारखा होतो, त्यांत खळगींतील शंकु निम्म्याच्या आसपास नष्ट होईपर्यंत तक्त्यावरील अक्षरें वाचतां येतात, असें पुढें दिसून आलें. म्हणजे ज्या तक्त्यावर वैद्य व रोगी दोघेहि विसंबतात तो धोक्याची घंटा फार उशीरा वाजवितो. आतां अशा सावकाश रोगावर एखादें औषध निघालें तर तें लागू पडतें कीं नाहीं हें ठरवावयाचें कसें? दहा वर्षें थांबून? २०११ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं तीन रोग्यांच्या एका डोळ्यांत पेशींचें पोषण करणारें एक द्रव्य झिरपविणारी बारीक कुपी बसविली आणि दोन्ही डोळ्यांतील तेच ते शंकु दोन वर्षें वारंवार मोजल्याची हकीकत प्रसिद्ध केली. तक्त्यावर दोन डोळ्यांत फरक नव्हता. परंतु शंकूंच्या मोजणींत कुपीच्या डोळ्यांतील ऱ्हास मंद होता. रोगी तीनच, म्हणून यावर मोठी इमारत उभारूं नये. तरी मोजपट्टी हातीं आली हें खरें. तेंच द्रव्य झिरपविणाऱ्या कुपीला २०२५ सालीं अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें खळगीजवळच्या दुसऱ्या एका विरळ रोगासाठीं मान्यता दिली.

आतां पूर्ण वर्णांधतेकडे वळूं. नव्या यंत्रानें या लोकांचे डोळे पाहिले तेव्हां खळगींत जेथें चकाकणारे ठिपके असावयाचे तेथें बहुतेक अंधार दिसला. यावरून शंकु नाहींत असें म्हणून मोकळें होणें सोपें होतें. परंतु तो ठिपका मुळांत चकाकतो कां, हें लक्षांत घेतलें पाहिजे. शंकु ही एक प्रकाशाची नळी आहे. त्याचा बाहेरचा भाग निरोगी व नीट उभा असेल तरच आंत शिरलेला प्रकाश त्याच वाटेनें सरळ परत येतो आणि ठिपका उजळतो. बाहेरचा भाग मोडका असला तर प्रकाश विखुरतो आणि यंत्राला तेथें अंधार दिसतो. आंतला भाग, जो पेशीचा खरा जीव, तो मग असो वा नसो. दिवा विझलेल्या घरांत कोणी राहत नाहीं असें रस्त्यावरून ठरविण्यासारखेंच हें झालें.

२०१४ सालीं अमेरिकेंत मिल्वॉकी येथें आल्फ्रेडो दुब्रा, कॅरोल व त्यांचे सहकारी यांनीं यावर तोड काढली. सरळ परत येणारा प्रकाश सोडून देऊन बाजूला विखुरलेला प्रकाश टिपावयाचा; त्याचे डावा व उजवा असे दोन भाग करून त्यांची तुलना करावयाची. असें केलें म्हणजे शंकूचे आंतले भाग कलत्या उन्हांत जमिनीवरचे उंचवटे उठून दिसावे तसे उठून दिसतात. पूर्वीं ज्या जागा काळ्या म्हणून सोडल्या होत्या, त्यांपैकीं कितीतरी ठिकाणीं शंकु उभे होते! २०१६ सालीं पिंगेलापच्या जातीच्या, म्हणजे त्याच घटकाच्या दोषानें वर्णांध झालेल्या पन्नासांवर लोकांची मोजणी प्रसिद्ध झाली. कोणाच्या खळगींत चौरस मिलिमीटरला सात-आठ हजार शंकु शिल्लक, तर कोणाच्या पन्नास हजारांच्या वर. निरोगी डोळ्याच्या दोन लाखांपुढें हे आंकडे थोडेच; तरी शून्य नव्हेत, आणि दोन माणसांचा विकार एकच असून त्यांची शिल्लक किती भिन्न असूं शकते हें त्यांवरून कळतें. कापलेल्या डोळ्यांवरून भांडणाऱ्या जुन्या संशोधकांचे निष्कर्ष कां जुळत नव्हते, याचाहि उलगडा बहुधा यांतच आहे. प्रत्येकानें एकेक माणूस पाहिला होता.

हें काम वाटतें तितकें सुखाचें नाहीं. या लोकांचीं बुबुळें स्थिर राहत नाहींत; प्रकाश त्यांना सोसत नाहीं. हनुवटी टेकूवर ठेवून तासन् तास बसावें तेव्हां शेंकडों थरथरतीं चित्रें मिळतात, आणि तीं एकावर एक जुळवून एक स्वच्छ चित्र निघतें. यंत्रें महाग, तीं चालविणारे हात मोजके. अशीं यंत्रें मुख्यतः संशोधनसंस्थांतच आहेत. जेथें विकार अधिक तेथें यंत्र नाहीं, ही आधुनिक वैद्यकाची नेहमींची रड येथेंहि आहे.

शंकु शिल्लक आहेत असें दिसल्यावर पुढचें पाऊल उघड होतें. सदोष घटकाच्या जागीं निर्दोष घटक निरुपद्रवी विषाणूवर लादून पेशींत पोंचवावयाचा. या मार्गानें दुसऱ्या एका जन्मजात अंधत्वावरील उपचाराला अमेरिकेंत २०१७ सालीं मान्यता मिळाली होती. पूर्ण वर्णांधतेवर तो २०१० सालीं कुत्र्यांत साधला, पण लहान वयाच्या कुत्र्यांतच उत्तम. मोठ्यांत तितका नव्हे. इस्राएलांत अवासी जातीच्या मेंढ्यांत हाच विकार आपोआप आढळतो. दिवसा कुंपणाला धडकणारीं तीं कोकरें उपचारानंतर नीट वाट काढूं लागलीं. मग माणसांवर प्रयोग सुरू झाले. ज्यांनीं आजन्म रंग पाहिलेला नाहीं त्यांना एकाएकीं इंद्रधनुष्य दिसेल अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांची निराशा झाली. सुधारणा झाली ती थोडी आणि सर्वांना सारखी नव्हे. जागा झालेला शंकु संदेश पाठवूं लागला तरी तो ऐकावयाची संवय मेंदूला कधींच नव्हती.

तथापि २०२३ सालीं यरुशलेम येथील संशोधकांनीं चार रोग्यांची जी हकीकत प्रसिद्ध केली ती विचार करावयास लावणारी आहे. प्रत्येकाच्या एकाच डोळ्यावर उपचार झाला होता. त्यांना निरनिराळ्या रंगांच्या पार्श्वभूमीवर आकृति दाखविल्या. पूर्वीं काळसर पृष्ठावरची तांबडी आकृति त्यांना ओळखूं येत नसे. आतां त्या डोळ्यानें ती येऊं लागली. परंतु ‘तांबडी’ म्हणून नव्हे. ती कशी दिसते असें विचारतां त्यांनीं रंगाची भाषा वापरली नाहीं. ती आकृति मागच्या पृष्ठापासून सुटून वेगळ्याच अंतरावर असल्यासारखी भासते, असें त्यांनीं सांगितलें.